शक्यताबाईंचा आकडा

ज्या दिवशी ही बाई माझ्या खोलीत बसायला आली, त्याच दिवशी मी वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली. कारण म्हणून लिहिलं, ‘जागा अपुरी आहे.’ ते साफ खोटं होतं. खोलीत दोन टेबलं आरामात मावत होती, वर एक कपाटही मावलं असतं. मला बाईंची विद्याच मान्य नव्हती, पण तसं लिहायला रकाना नव्हता.

आमचं कार्यालय अणुभट्ट्यांच्या सुरक्षिततेवर नजर ठेवतं. नवी भट्टी बांधायची असो की जुनी चालवायची असो, आमच्या परवान्याशिवाय पान हलत नाही. मी तिथला निरीक्षक. चौतीस वर्षं नियमांचं पुस्तक बगलेत मारून भट्ट्या पालथ्या घातल्या. पंप दोन म्हणजे दोन. भिंत एवढी जाड म्हणजे एवढी जाड, बोटभर कमी भरली की काम बंद. त्यामुळे माझं नाव पडलं होतं ‘फुटपट्टी’. माझ्या तोंडावर ते उच्चारायची कुणाची छाती नव्हती. बाईंनी मात्र दुसऱ्याच दिवशी विचारलं, “तुम्हीच का ते फुटपट्टी?”

“आणि तुम्ही त्या शक्यताबाई,” मी म्हणालो.

“हो. बरं झालं, ओळख करून द्यायचे कष्ट वाचले,” असं म्हणून त्यांनी माझ्या खिडकीजवळचं टेबल स्वतःकडे ओढून घेतलं.

बाईंचं काम म्हणजे जोखमीचं गणित. काय बिघडू शकतं, ते बिघडायची शक्यता किती, आणि बिघडलंच तर कुणाचं काय होईल, एवढे तीन प्रश्न घेऊन त्या प्रत्येक यंत्राच्या मागे हात धुऊन लागायच्या. एखादी झडप कितीदा अडकते, एखादा माणूस कितीदा चुकीचं बटण दाबतो, सगळ्याला आकडा. मग त्या आकड्यांची फांद्याफांद्यांची आकृती काढायची आणि शेवटी सांगायचं, की ही भट्टी इतक्या लाख वर्षांत एकदा दगा देईल. मला हे ऐकून हसू यायचं. म्हटलं, इतक्या लाख वर्षांनी तपासायला कोण जाणार, तुम्ही की मी?

आमची भांडणं त्या मजल्यावर प्रसिद्ध होती. शिपाई चहा ठेवून दाराबाहेर रेंगाळायचे. माझं म्हणणं सरळ होतं. नियम पाळा, बिघडायचं नाही. बाई म्हणायच्या, “नियम करणाऱ्याला जेवढं बिघडलेलं ठाऊक होतं, तेवढ्यापुरताच तो नियम. जे अजून बिघडलेलंच नाही, त्याचा नियम कोण करणार?” पहिल्या महिन्यात त्या मला ‘सर’ म्हणत. एकदा अर्धा तास आरडाओरडा झाल्यावर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “आता मी तुम्हाला दादा म्हणणार. रोज भांडायचं तर काहीतरी नातं हवं.” मला सख्खी बहीण नाही. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “चला, कुणीतरी तुम्हाला पुरून उरणारं भेटलं.”

बाईंच्या स्वभावातली खोट अशी, की दुसऱ्याच्या लाखो वर्षांचा हिशोब ठेवणारी ही बाई स्वतःच्या बाबतीत अगदी वेंधळी. चष्मा हरवायचा म्हणून त्यांनी दोन चष्मे केले. “एक हरवायची शक्यता शंभरात एक, दोन्ही एकदम हरवायची दहा हजारांत एक,” असं मला ऐकवलं. आणि दोन्ही चष्मे एकाच पिशवीत ठेवून पिशवी बसमध्ये विसरल्या. त्यांचे यजमान बसचालक. ती पिशवी आगारातून तेच घेऊन आले आणि आमच्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, “चष्मे दोन असले तरी विसरणारी एकच आहे, हे हिला कुणीतरी गणितात सांगा हो.”

दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. बाईंनी पुढची दहा वर्षं नव्या मुलामुलींना शिकवताना हाच किस्सा सांगितला. दोन गोष्टी वेगळ्या दिसतात म्हणून त्या वेगवेगळ्या बिघडतील असं नसतं, दोघींच्या मागे एकच पिशवी असेल तर दोन्ही एकदमच जातात. असं स्वतःवर हसता येणं मला कधी जमलं नाही. मी कधी चुकतच नाही अशी माझी समजूत होती, आणि लोकांचीही होती. त्यात माझंच जास्त नुकसान झालं.

मग ती नव्या तऱ्हेची भट्टी आली.

जुन्या भट्ट्यांत पाणी खेळवायला पंप, पंपाला वीज, वीज गेली तर डिझेलवर चालणारं जनित्र, ते बंद पडलं तर दुसरं. ह्या नव्या भट्टीत ह्यातलं काहीच नव्हतं. भट्टी बंद केली तरी ती बराच काळ तापलेली राहते, चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखी. ती निववायला ह्या लोकांनी नुसती हवा वापरली होती. जमिनीलगत चार झरोके, त्यातून गार हवा आत शिरते, भट्टीच्या पोलादी अंगाला लागून तापते आणि वर धुराड्यातून निघून जाते. बटण नाही, पंप नाही, माणूस नाही. चारपैकी एक झरोका उघडा असला तरी भागतं.

मी माझं पुस्तक उघडलं. पहिलाच प्रश्न, ‘पंपांची संख्या किती?’ उत्तर, शून्य. नियम म्हणतो किमान दोन हवेत. म्हणजे परवाना द्यायचा तर ज्या भट्टीला पंपच नको तिला दोन पंप लावायला लावायचे आणि मग ते पंप तपासायचे. इतकी वर्षं मिरवलेलं पुस्तक माझ्याकडे बघून दात काढतंय असं मला वाटलं. बाई समोरून बघत होत्या. त्यांनी चिडवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. 

परवाना समितीने पहिल्यांदाच ठरवलं की ह्या भट्टीचा निर्णय जोखमीच्या गणितावर करायचा. बारा वर्षं बाई ज्याच्यासाठी दारोदार फिरत होत्या, ते घडलं. तीन वर्षं त्यांनी मान मोडून काम केलं. धुळीचं वादळ आलं तर, पूर आला तर, पाखरांनी घरटी केली तर, बर्फ साचलं तर, सगळं मोजलं. चारही झरोके एकदम बंद होऊन भट्टी तापायची शक्यता आली, एक कोटी वर्षांत एकदा. समितीत हा आकडा वाचला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवी शाखा काढायची आणि बाईंना तिची प्रमुख करायचं असंही ठरत आलं. मी अभिनंदन केलं, जरा आखडतंच.

बाईंची एक खोड मला तोवर पोरकट वाटायची. भट्टी पाहायला गेल्या की त्या मोठ्या अभियंत्यांबरोबर जेवत नसत. सरळ मागच्या बाजूला, जिथे फिटर, सफाईवाले, वेल्डर बसतात, तिथे जाऊन बाकड्यावर बसायच्या आणि चहा मागायच्या. मग गप्पा. तुमच्या कामात सगळ्यांत जास्त कटकट कशाची? काल काय चुकता चुकता वाचलं? मी म्हणायचो, “बाई, तुम्ही तपासायला येता की हळदीकुंकवाला?” त्या म्हणायच्या, “दादा, नकाशावर जे नसतं ते बाकड्यावर असतं.”

अंतिम बैठकीला बारा दिवस उरले असताना त्या शेवटची फेरी मारायला भट्टीवर गेल्या. इंधन अजून भरलेलं नव्हतं. बांधकाम संपून रंगकाम नुकतंच झालं होतं आणि रंगाऱ्यांचा मुकादम सामान आवरत होता. साठीचा माणूस, कामाचा मोठा अभिमान. पुढचं सगळं मला बाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, तेही उभ्याउभ्या, पिशवी खांद्यावरून न उतरवता.

“मी म्हटलं, रंग अगदी नितळ बसलाय हो. तर म्हणाला, ताई, आमच्या कामात रंगाचा थेंब आत जाणार नाही. आधी हवेची चारही तोंडं ताडपत्रीने बांधून टाकतो, मगच ब्रश हातात.”

“मग?”

“मग मी विचारलं, चारही? एकदम? म्हणाला, एकदम म्हणजे काय, अर्धवट काम आमच्याकडे नाही. पहिल्या दिवशी सकाळी बांधतो, आठव्या दिवशी संध्याकाळी सोडतो. मी म्हटलं, कुणी सांगितलं तुम्हाला बांधायला? तर हसायलाच लागला. म्हणाला, हे काय सांगायला लागतं का?”

बाई आता खुर्चीवर बसल्या. “दर तीन वर्षांनी रंग द्यायचा, असं कंपनीच्याच कागदात आहे. भट्टी चालू असताना. म्हणजे दर तीन वर्षांनी आठ दिवस चारही झरोके बंद असणार, दादा. नेमकी त्याच आठ दिवसांत भट्टी अचानक बंद करावी लागली, तर ती निववायला हवाच नाही. वादळ नाही, पूर नाही. एक चांगला माणूस मन लावून काम करतोय, म्हणून. मी वादळं मोजत बसले, पाखरं मोजत बसले. नीट काम करणारा माणूस माझ्या गणितात नव्हताच.”

मी “अरेरे” म्हणालो. “बरं सापडलं” असंही म्हणालो. आणि खिडकीकडे जाऊन पाठमोरा उभा राहिलो, कारण माझ्या चेहऱ्यावर काय दिसत होतं ते मला बाईंना दाखवायचं नव्हतं.

गोष्ट अशी, की रंगकाम चालू असताना मी तिथे गेलो होतो. झरोक्यांची तपासणी माझ्याकडेच होती. पुस्तकात एक जुना नियम होता हवेच्या वाटांचा, तेवढा ह्या भट्टीला लागू पडत होता. संख्या चार, लांबी इतकी, रुंदी इतकी, जाळी बसवलेली असावी. मी पहिल्या झरोक्याशी गेलो तेव्हा त्यावर निळी ताडपत्री होती, कडेने सुतळीने गच्च आवळलेली. मी सुतळी सोडली, ताडपत्री वर केली, मोजमाप घेतलं, जाळी हलवून पाहिली, खूण केली. मग ताडपत्री खाली सोडून सुतळी पुन्हा बांधली. दुसऱ्या झरोक्यापाशी तेच. तिसऱ्या. चौथ्या. चौथी गाठ जरा सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा आवळली. मग कागदावर लिहिलं, ‘चारही झरोके योग्य’, आणि सही ठोकली.

माझ्या हातांनी चारही तोंडं बंद केली आणि मनात काहीसुद्धा आलं नाही. बाईंना निदान ते दिसलं तरी नव्हतं. मला तर दिसलं होतं.

त्या दिवशी मी बाईंना एक सल्ला दिला. आज तो आठवला की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते. मी म्हणालो, “एवढं काय त्यात? एका वेळी एकच झरोका झाकायचा, असा नियम घालू. काम संपलं. जुना आकडा आहे तसा राहू दे. कुणाला कळणार आहे?”

बाईंनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. “नियम घालूच. तो तुम्हीच लिहा, तुमच्यासारखा दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही. पण आकडा खोटा आहे, दादा. ह्या आकड्यावर पुढच्या दहा भट्ट्या बांधतील. तिथे ताडपत्री नसेल, दुसरंच काहीतरी असेल. मला जाऊन सांगायला हवं की माझं चुकलं.”

“समितीतले अर्धे लोक तुमची पद्धत बुडवायला टपलेले आहेत.”

“ठाऊक आहे.”

“पंधरा वर्षं पाण्यात जातील.”

“तेही ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज जरा फाटला. “मला काय हौस आहे का? काल ह्यांना म्हटलं, राजीनामा देऊन घरी बसते. तर म्हणाले, बस, पण आधी सांगून ये.”

पुढचे अकरा दिवस मी ताकास तूर लागू दिली नाही. बाई समोर बसून तीन वर्षांचं गणित पुन्हा मांडत होत्या आणि मी त्यांच्यासाठी नियम लिहीत होतो. झाकणाला क्रमांक, क्रमांकाची नोंद नियंत्रणकक्षात, एक झाकण निघाल्याशिवाय दुसरं द्यायचं नाही. छान नियम झाला. बाईंनी वाचून “वा, दादा!” म्हटलं. ते ‘वा’ माझ्या घशाखाली उतरेना. माझ्या निवृत्तीला चार महिने होते. इतक्या वर्षांत ह्या माणसाच्या नजरेतून काही सुटलं नाही, अशी भाषणं होणार होती. ती मला ऐकायची होती, खोटं कशाला सांगू?

घरी बायकोने ओळखलं. “जेवण उतरत नाही तुम्हाला. बाईंशी भांडलात?”

“नाही.”

“तेच म्हणते मी. भांडलात की तुम्ही दोन पोळ्या जास्त खाता.”

बैठकीचं दालन मोठं, मधोमध लांबोडकं टेबल, प्रत्येकापुढे पाण्याचा पेला पालथा घातलेला. अध्यक्ष स्वतः जुन्या वळणाचे, माझ्याच पुस्तकावर वाढलेले. बाकी पाच सभासद, आणि भिंतीलगत भट्टी बांधणाऱ्या कंपनीचे दोघं. बाई उभ्या राहिल्या आणि पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, “मागच्या वेळी मी तुम्हाला दिलेला आकडा चुकीचा आहे. चूक माझी आहे.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. मुकादमाचं गाव, नाव, टोळी, काहीच सांगितलं नाही. कंपनीच्या माणसाने चटकन विचारलं, “कोण आहे तो? त्याला कामावरून काढू.” बाई एकदम कडाडल्या. “त्याने उत्तम काम केलंय. तुम्ही त्याला काढाल आणि दुसरा आणाल, तोही चांगला असेल तर तोही बांधेल. वाईट असेल तरच आपण वाचू. असा भरवसा हवाय का तुम्हाला?”

 कंपनीच्या दुसऱ्या माणसाने विचारलं, की झरोके बंद झाले तर तापमापकावर दिसलं नसतं का? बाई म्हणाल्या, “तापमापक धुराड्यात आहे. हवा कोंडली तरी तो गरमच दाखवणार. आणि गरम दाखवलं म्हणजे सगळं ठीक, असं आपणच लिहून ठेवलंय.”

“मग आता खरा आकडा किती?” अध्यक्षांनी विचारलं.

“एकच आकडा देता येणार नाही. हजार पट वाईट असेल, कदाचित त्याहून जास्त. एक कोटी वर्षांत एकदा म्हणाले होते, ते दहा हजार वर्षांत एकदा धरा. रंगाऱ्याचं मला सापडलं, पण असं आणखी काय राहिलंय ते मला ठाऊक नाही. शोधायला वेळ द्या.”

टेबलावर कुजबुज झाली. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, पण इतक्या वर्षांनी आपलंच खरं ठरल्याचं समाधान त्याला लपवता येत नव्हतं. “बाई, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे. पण एका ताडपत्रीने जो आकडा हजार पटीने हलतो, त्यावर आम्ही परवाने द्यायचे? हा इथे निरीक्षकांचा अहवाल आहे. चारही झरोके योग्य. संख्या, माप, जाळी, सगळं जिथल्या तिथे. नियम थोडं सांगतो, पण सांगतो ते खरं असतं. माझा प्रस्ताव आहे, की हे शक्यतांचं प्रकरण इथेच थांबवावं आणि पूर्वीच्या पुस्तकाप्रमाणे जावं. पंप लावायचे तर लावतील. कुणाची हरकत?”

कुणी मान वर केली नाही. बाई खाली बसल्या. हातातले कागद त्यांनी एकदा टेबलावर आपटून सारखे केले, मग आणखी एकदा केले, मग पिशवीत घालायला लागल्या. पिशवीचं तोंड त्यांना सापडेना. पंधरा वर्षं माझ्याशी रोज भांडणारी ही बाई त्या क्षणी इतकी एकटी दिसली, की मला रडू येईल असं वाटलं. आणि रडण्यापेक्षा बोलणं सोपं होतं.

“माझी हरकत आहे,” मी म्हणालो.

अध्यक्ष म्हणाले, “तुमची? अहो, तुमच्याच बाजूने बोलतोय मी.”

“म्हणूनच. तो अहवाल बाजूला ठेवा. मी तपासणी केली तेव्हा चारही झरोक्यांवर ताडपत्री होती.”

 मी पुढे बोललो, कारण आता थांबलो तर पुन्हा धीर होणार नाही हे मला कळत होतं. “मी ती सोडली, माप घेतलं, आणि पुन्हा बांधली. चारही. एक गाठ सैल होती, ती घट्ट केली. आणि लिहिलं, योग्य. पुस्तकात ताडपत्रीचा रकाना नाही, म्हणून मला ती दिसूनही दिसली नाही. नियम खरं सांगतो म्हणता ना? माझ्या अहवालातला शब्दन् शब्द खरा आहे आणि भट्टीची चारही तोंडं बंद होती. बाईंनी बाकड्यावर बसून एक प्रश्न विचारला नसता तर पुस्तकाला हे जन्मात कळलं नसतं. चूक कुणाची मोठी ते तुम्ही ठरवा. पण बाईंनी स्वतः येऊन सांगितली. मला सांगायला अकरा दिवस लागले.”

मी खाली बसलो.  बाईंकडे पाहायची हिंमत झाली नाही.

त्या दिवशी ठराव झाला नाही. अध्यक्षांनी बराच वेळ खाली बघून कागदावर रेघा ओढल्या आणि मग म्हणाले, की प्रस्ताव मी मागे घेतो. बाईंना सहा महिने दिले. झरोक्यांचा नवा नियम मंजूर झाला. आणि बाकड्यावर बसून विचारायचं ते काम गणिताचाच भाग धरावा, असं कागदोपत्री आलं, अर्थात कार्यालयीन भाषेत, म्हणजे कुणाला कळणार नाही असं.

खोलीत परत आलो तेव्हा बाई आधीच येऊन बसल्या होत्या. मी दार लावून घेतलं. 

“अकरा दिवस,” त्या म्हणाल्या. “समोरासमोर बसून.”

“हो.”

“वर मला सल्ला दिलात, आकडा राहू द्या म्हणून.”

“हो.”

“का?”

“घाबरलो, बाई. दुसरं काही नाही.”

त्यांचे डोळे भरले होते, आणि राग तर होताच. मला वाटलं, आता हे नातं संपलं, उद्यापासून पुन्हा ‘सर’. मी ते भोगायला तयार होतो. बाईंनी नाक पुसलं, ड्रॉवरमधून फांद्याफांद्यांच्या आकृतीचा तो मोठा कागद काढून टेबलावर पसरला, आणि झरोक्यांच्या फांदीखाली पेन्सिलीने एक नवीन ओळ लिहिली. मी वाकून वाचलं. ‘निरीक्षकाला दिसतं, पण लक्षात येत नाही.’ ओळीच्या शेवटी आकड्यासाठी जागा मोकळी होती.

“खुर्ची इकडे घ्या, दादा,” त्या म्हणाल्या. “हा आकडा कुठल्याच पुस्तकात नाही. पन्नास निरीक्षकांना विचारलं तर पन्नासही शून्य सांगतील. आज तुम्ही जे बोललात, त्यानंतर मला विचारायला एकच माणूस आहे. नोकरीत असं किती वेळा झालं? आठवून सांगा. घाई नाही.”

मी खुर्ची ओढली. बसलो. एकेक भट्टी, एकेक जिना, एकेक सही आठवत गेलो. कुठे एक दार उघडं होतं, कुठे एक दिवा नको तेव्हा पेटलेला होता, आणि मी पुढे गेलो होतो, कारण माझ्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता. 

“सात,” मी म्हणालो.

बाईंनी सात लिहिला. मी त्या सातकडे बराच वेळ पाहत राहिलो.

“नऊ करा,” मी म्हणालो.

त्यांनी वर न पाहता सात खोडला आणि नऊ लिहिला.